रिकामा झालेला पिंजरा

मराठी समाजात मांजर मारणे हे पूर्वापार मोठे पातक मानले गेले आहे. हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, ही समजूत आजही अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ऐकू येते, आणि तिच्या धाकाने कित्येक मांजरांचे प्राण वाचले असतील यात शंका नाही. मात्र याच समजुतीच्या आडोशाला दुसरी एक रीत निर्धास्तपणे रुजली: नको असलेली पिल्ले पोत्यात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालावीत, वाट ओळखून परत येऊ नयेत म्हणून त्याचे तोंड बांधावे आणि मासळी बाजारात, देवळाच्या आवारात किंवा ओढ्यापलीकडच्या वस्तीत ती सोडून यावीत. मारले नाही म्हणजे पाप लागले नाही, आणि बाजारात माशांची डोकी मिळतील म्हणजे पिल्लांची सोयही झाली, असे दुहेरी समाधान या कृतीत असते. वस्तुतः पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू स्वतःचे अन्न मिळवू शकत नाही. बाजारावर आधीच वयात आलेल्या बोक्यांची सत्ता असते, आणि आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण नेमके याच वयात ओसरू लागलेले असते. प्राण्यांच्या निवाऱ्यात, म्हणजे हल्ली सर्वजण ज्याला ‘शेल्टर’ म्हणतात तेथे, रोज येणारी खोकी या रीतीतून येतात. म्हणून शेल्टरचा विचार त्याच्या फाटकापाशी सुरू करणे अपुरे ठरते. तो घराघरांतील या सोडून देण्यापाशीच सुरू करावा लागतो.

कायद्याने ही रीत अपराध ठरवली आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. भूक-तहानेने हाल होण्याचा संभव आहे अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे. या कायद्यामागे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा मोठा आग्रह होता. १९५२ मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाल्यानंतर त्यांनी या विषयावर खासगी विधेयक मांडले आणि त्यातून पुढे सरकारी कायदा आकाराला आला. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी ठेवलेला दंड जास्तीत जास्त ५० रुपये एवढाच होता, आणि या रकमेवरून त्या काळी या गुन्ह्याला किती वजन दिले गेले हे कळते. दंडाच्या भीतीने कोणी पिल्ले सोडायचे थांबला असेल असे दिसत नाही. बदल घडला आहे तो मुख्यतः जेथे पिल्ले जन्मालाच येऊ नयेत अशी व्यवस्था झाली तेथे.

मांजरी साधारणतः चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, तिचा गाभणकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो, आणि एका वेताची पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. दिवसाची लांबी वाढली की मांजरींना माज येतो. थंड प्रदेशात हिवाळ्याचे दिवस फार आखूड होत असल्याने तेथे काही महिन्यांचा खंड पडतो, परंतु महाराष्ट्राच्या अक्षांशावर दिवसाच्या लांबीत तेवढा मोठा फरक पडत नाही, त्यामुळे पिल्लांचा ओघही क्वचितच थांबतो. निर्बीजीकरण, म्हणजे मांजरीचे अंडाशय व बहुधा गर्भाशयही आणि बोक्याचे वृषण शस्त्रक्रियेने काढून टाकणे, हा या ओघावरचा खात्रीचा उपाय आहे. भारतात २००१ साली झालेले प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम केवळ कुत्र्यांपुरते होते, आणि मांजरांचा प्रश्न पुष्कळ काळ पालिकांच्या नजरेबाहेर राहिला. गेल्या काही वर्षांत मुंबई आणि पुणे या शहरांत भटक्या मांजरांच्या शस्त्रक्रियांचे काम पालिकांच्या पातळीवर सुरू झाले. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक भूल असतानाच सरळ रेषेत छाटतात. ही इजा झाल्याची खूण समजून अनेक जण हळहळतात, परंतु तेच मांजर पुन्हा पकडून पुन्हा भूल देण्याचा प्रसंग टळतो तो याच खुणेमुळे.

प्राण्यांना आसरा देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजातून मोठा दंगा उसळला आणि शहराचे व्यवहार थंडावले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या सोबतीच्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरापोळ उभा राहिला. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी मुंबईत संस्था स्थापन झाली, आणि तिच्याच कार्यातून परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. पांजरापोळांच्या इतिहासातील एक तपशील आजच्या दात्याने विशेष लक्षात घ्यावा असा आहे: या संस्था केवळ एखाद्या धनिकाच्या एकरकमी देणगीवर चालल्या नाहीत, तर व्यापारी आपल्या मालाच्या उलाढालीवर ठराविक लाग, म्हणजे एक छोटा स्वेच्छेचा कर, बसवून घेत आणि तो नियमाने पांजरापोळाकडे जमा होई. रक्कम लहान असे, परंतु पुढच्या महिन्याचा चारा कोठून येणार हे चालकांना आधीच ठाऊक असे. आजच्या शेल्टरांना सर्वाधिक उणीव भासते ती याच निश्चितीची. एखाद्या जखमी पिल्लाचे छायाचित्र पसरले की दोन दिवस पैसा येतो. लसी, वाळू, जंतनाशके, फरशी धुण्याचे द्रावण आणि कामगारांचे पगार यांचे छायाचित्र कोणी काढत नाही, आणि काढले तरी ते पाहून कोणाचा जीव तुटत नाही. दरमहा न चुकता येणारे दोनशे रुपये म्हणूनच वर्षातून एकदा भावनेच्या भरात दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा कित्येकदा अधिक मोलाचे ठरतात.

पांजरापोळ आणि आधुनिक शेल्टर यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. पांजरापोळ ही आश्रयाची अखेरची जागा होती. आलेला प्राणी तेथेच राहावा आणि तेथेच आपल्या मरणाने मरावा, हा तिचा धर्म होता. मांजरांसाठी काम करणाऱ्या आजच्या शेल्टरला हा धर्म पाळता येत नाही. मांजर हा मुळात एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे. नात्यातल्या माद्या एकत्र राहतात आणि एकमेकींची पिल्लेही पाजतात, परंतु अनोळखी मांजरांच्या गर्दीत मांजराला सतत सावध राहावे लागते, आणि ही सावधता पुढे आजाराचे रूप घेते. ज्याला बोलीत ‘कॅट फ्लू’ म्हणतात, त्या सर्दी-डोळ्यांच्या विकारास कारण होणारा मांजरांचा हर्पिस विषाणू एकदा शरीरात शिरला की मज्जापेशींमध्ये जन्मभर दडून राहतो, आणि प्राण्यावर ताण आला की पुन्हा जागा होतो. वरवर ठणठणीत दिसणारे मांजर शेल्टरात आल्यावर आठवड्याभरात शिंकू लागते, त्याचे एक कारण हे असते. रोग पुष्कळदा बाहेरून आलेला नसतो, त्या जागेने त्याला जागे केलेले असते.

याहून भीषण रोग म्हणजे पॅनल्यूकोपेनिया. हा मांजरांच्या पार्व्हो विषाणूमुळे होतो. त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, उलट्या व जुलाब यांनी पिल्लू सुकत जाते, आणि सकाळी खेळत असलेले पिल्लू दुसऱ्या दिवशी दगावलेले आढळू शकते. विषाणू पिंजऱ्याच्या गजांवर, अंथरुणात आणि चपलांच्या तळव्यांवर अनेक महिने तग धरतो; साध्या साबणाने तो मरत नाही, त्यासाठी ब्लीचचे योग्य प्रमाणातील द्रावण वापरावे लागते. लस प्रभावी आहे, परंतु आईकडून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत ती लसीलाही निष्प्रभ करतात, आणि ती नेमकी कधी संपतील हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. मधल्या काळात पिल्लाला जपण्याचा सर्वोत्तम उपाय म्हणजे त्याला गर्दीत ठेवूच नये. शेल्टरचालकांना हे पुरेपूर ठाऊक असते, तरीही फाटकाशी आलेले खोके परत पाठवणे त्यांना जमत नाही. जागा नसताना घेतलेले प्रत्येक पिल्लू आत असलेल्या पिल्लांचा धोका वाढवते, आणि न घेतलेले पिल्लू रस्त्यावर जाते, या कोंडीत ही माणसे वर्षानुवर्षे काम करतात. त्यांच्यावर बाहेरून टीका करणाऱ्याने या कोंडीचा विचार आधी करावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

या दृष्टीने पाहिले असता मांजर दत्तक घेण्याचा अर्थ पालटतो. घरी नेलेल्या मांजराचे भले होते हे उघडच आहे. परंतु त्याने रिकामा केलेला पिंजरा धुऊन, वाळवून काही दिवस तसाच राहू दिला, तर आत उरलेल्या सर्वांचा ताण आणि संसर्ग कमी होतो, आणि पुढच्या जिवासाठी सुरक्षित जागा तयार होते. हेच काम ‘फॉस्टर’ म्हणून ओळखले जाणारे कुटुंब करते. फॉस्टर म्हणजे मांजर कायमचे न स्वीकारता काही आठवडे घरात सांभाळणारे. आई नसलेल्या नवजात पिल्लांना दर दोन-तीन तासांनी पिल्लांसाठीचे विशेष दूध पाजावे लागते, कोमट ओल्या कापसाने पोटाखाली पुसून त्यांना शू-शी करवावी लागते, कारण जन्मानंतरचे पहिले काही आठवडे आईच्या चाटण्यावाचून त्यांना ते साधत नाही, आणि अंगाला सतत ऊब द्यावी लागते. कोणत्याही शेल्टरच्या रात्रपाळीला हे झेपत नाही, परंतु घरातली दोन माणसे आळीपाळीने जागून ते करू शकतात. शिवाय मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा काळ फार थोडा, साधारणतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. या दिवसांत ज्या पिल्लाला रोज मायेचे हात लागले ते माणसाळते, आणि जे पिंजऱ्यात एकटे राहिले ते पुढे घर मिळूनही बुजरे राहण्याचा संभव असतो.

ज्याला घरी मांजर ठेवणे शक्य नाही, त्याच्यासाठीही करण्यासारखे पुष्कळ असते. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी शेल्टरात नव्याने आलेल्या मांजरांचे दोन गट केले, एका गटाच्या पिंजऱ्यात लपण्यासाठी खोके ठेवले आणि दुसऱ्याच्या ठेवले नाही. खोके मिळालेल्या मांजरांचा ताण अवघ्या तीन-चार दिवसांतच लक्षणीय कमी झालेला आढळला. रद्दीत जाणारे पुठ्ठ्याचे खोके, जुन्या चादरी, वर्तमानपत्रे यांना शेल्टरात खरोखर उपयोग असतो. आणि वाहन असणाऱ्याने आठवड्यातून एकदा शस्त्रक्रियेची मांजरे दवाखान्यात नेऊन आणली, तर संस्थेचा मोठा भार हलका होतो.

मदतीच्या उत्साहात एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे मराठीत म्हणतात, आणि या म्हणण्यामागे पिढ्यांचे अचूक निरीक्षण आहे: जागेला वास लागला, बोक्याचा वावर जाणवला किंवा माणसांची ये-जा वाढली, की मांजरी पिल्लांना मानेला धरून एकेक करून दुसरीकडे हलवते. या स्थलांतराच्या मधल्या वेळेत जिन्याखाली एकटे ओरडणारे पिल्लू पाहून सहृदय माणूस ते उचलतो आणि शेल्टरात पोचवतो. आई परत येते तेव्हा तेथे काही नसते. पिल्लू स्वच्छ व पोट भरलेले दिसत असेल, आणि कुत्र्यांचा किंवा वाहनांचा तातडीचा धोका नसेल, तर दुरून काही तास लक्ष ठेवणे हीच त्याची खरी सुटका असते. आई परतली तर तिला पिल्लांसह आडोसा आणि अन्न द्यावे, पिल्ले आठ आठवड्यांची झाली की त्यांना घरे शोधावीत, आणि मांजरीची शस्त्रक्रिया करवून घ्यावी. जे पिल्लू थंड पडले आहे, ज्याचे डोळे चिकटले आहेत किंवा ज्याला मुंग्या लागल्या आहेत, त्याच्याबाबतीत मात्र एक क्षणही थांबू नये.

दत्तक देताना शेल्टर जे अर्ज भरून घेते, घर पाहायला येते आणि शस्त्रक्रियेचे हमीपत्र मागते, त्याचा अनेकांना राग येतो. फुकटच्या मांजरासाठी एवढी चौकशी कशाला, असा प्रश्न विचारला जातो. या चौकशीतील जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे एखाद्या मांजराचे मरण असते. खिडक्यांना जाळी आहे का, या प्रश्नाचेच उदाहरण घ्यावे. मांजर कितीही उंचीवरून पडले तरी पायांवरच पडते आणि त्याला काही होत नाही, हा समज सर्वत्र आढळतो. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातील डॉक्टरांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचल्याचे त्यांत दिसले. हा आकडा त्या समजाच्या पुष्ट्यर्थ नेहमी सांगितला जातो. परंतु जागीच मेलेले मांजर कोणी रुग्णालयात आणत नाही, म्हणून ते या हिशोबात आलेच नाही. आणि वाचलेल्यांनाही छातीच्या, जबड्याच्या व पायांच्या गंभीर दुखापती झालेल्या होत्या. मुंबई-ठाण्याच्या बहुमजली इमारतींत कबुतराच्या मागे झेप घेणाऱ्या मांजरासाठी जाळी ही अट नव्हे, ती त्याच्या जगण्याची सोय आहे.

आहाराच्या प्रश्नावर मराठी घरांत जरा थांबून बोलणे आवश्यक ठरते, कारण येथे प्रेमानेच अपाय होतो. दूधभात हे मांजराचे अन्न, ही गोष्ट बालगीतांपासून मनात रुजलेली आहे. वस्तुतः वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. त्याहून गंभीर बाब टॉरिनची आहे. टॉरिन हे मांस-मासळीत आढळणारे एक पोषकद्रव्य असून मांजराचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही. ते आहारातून न मिळाल्यास दृष्टिपटल झिजून आंधळेपण येते आणि हृदयाचा स्नायू दुबळा होऊन हृदय फुगते; यांपैकी हृदयाशी असलेला संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधनातून स्पष्ट झाला. पूर्वीची मांजरे दूधभातावर जगली, हे खरे असले तरी ती उंदीर, सरडे आणि पाखरेही खात होती. चौथ्या मजल्यावरच्या बंद घरातील मांजराला तो मार्ग नसतो. ज्या कुटुंबाला आपल्या स्वयंपाकघरात सामिष शिजवणे मान्य नाही, त्याने मांजरांसाठी तयार मिळणारे संतुलित कोरडे खाद्य ठेवावे. तेही ठेवायचे नसेल तर मांजर न आणता शेल्टरला अन्य मार्गाने साहाय्य करावे, हेच प्रामाणिकपणाचे होईल. तापात मांजराला घरातली पॅरासिटामॉलची गोळी देणे हेही असेच प्रेमातून घडणारे संकट आहे. मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही आणि एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

मागणी सर्वाधिक असते ती दोन-तीन महिन्यांच्या पिल्लांना, आणि मोठी मांजरे, विशेषतः काळी, मागे राहतात. आडवे गेलेले काळे मांजर अशुभ, हा ग्रह बोलून दाखवायला आता बहुतेकांना संकोच वाटतो, तरी निवड करताना तो आपले काम करतोच. वयात आलेल्या मांजराचा स्वभाव घडून स्पष्ट झालेला असतो: ते मांडीवर बसणारे आहे की दुरून सोबत करणारे, लहान मुलांना सहन करते की नाही, हे सांभाळणाऱ्याला नेमके सांगता येते, आणि ज्या घरात दिवसभर कोणी नसते तेथे उचापतखोर पिल्लापेक्षा शांत मोठे मांजर कितीतरी बरे रुळते. पिल्लूच हवे असेल तर एकाच वेताची दोन न्यावीत. चावणे-ओरबाडणे किती आणि कोठवर, हे ती एकमेकांकडूनच शिकतात. नवे मांजर घरी आल्यावर कपाटामागे किंवा पलंगाखाली दडून राहते, काही मांजरे दिवसेंदिवस बाहेर येत नाहीत, आणि येथेच पुष्कळ दत्तकविधाने मोडतात, कारण घरच्यांना ते मांजर कृतघ्न वाटू लागते. त्याला एकाच खोलीत पाणी, खाद्य आणि वाळूचा ट्रे देऊन त्याच्या गतीने येऊ द्यावे. आधीचे मांजर असल्यास दोघांची अंथरुणे अदलाबदल करून प्रथम वासाची ओळख करून द्यावी, आणि दार त्यानंतर उघडावे.

ज्येष्ठ माणसांच्या बाबतीत हा सारा विचार वेगळ्या वळणावर येतो. घरात राहणारे, नीट काळजी घेतलेले मांजर पंधरा वर्षे सहज जगते. सत्तरी ओलांडलेल्या, मुले परगावी वा परदेशी असलेल्या जोडप्याला मांजराची सोबत हवी असते, परंतु आपल्यामागे त्याचे कोण करील या काळजीने ते मागे सरतात, आणि शेल्टरही पिल्लू त्यांच्या हाती देताना बिचकते. दुसरीकडे शेल्टरात दहा-बारा वर्षांची मांजरे असतात, ज्यांचे पालक वारले किंवा घर बदलून गेले, आणि ज्यांना आयुष्याची उरलेली वर्षे गोंगाटाविना काढायची असतात. या दोघांची गाठ घालून देणे शक्य आहे, आणि त्यासाठी अर्जावर दुसऱ्या पालकाची, म्हणजे पुतण्या, भाची किंवा शेजारी अशा कोणाची तरी सही आधीच घेतली, औषधोपचाराचा खर्च संस्थेने किंवा एखाद्या दात्याने उचलला आणि गरज पडल्यास मांजर विनाप्रश्न परत घेण्याचे संस्थेने लेखी मान्य केले, तर दोन्ही बाजूंची भीती बरीच ओसरते. मांजरांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक स्थानिक संस्थेने अशी एक स्वतंत्र योजना आखावी, आणि दात्यांनी आपल्या देणगीचा काही भाग आवर्जून तिच्यासाठी राखून ठेवावा.